पहिल्या गोलला २७ मॅच

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसात एक चमत्कारिक शांतता पसरते. एरवी कॅन्टीनमध्ये आरडाओरडा करणारी मंडळी चहाचा कप घेऊन कोपऱ्यात कुजबुजायला लागतात. 'त्याला किती टक्के मिळाले रे?' 'तिचं प्रमोशन पक्कं म्हणे!' आणि या सगळ्यात एक जण असतोच, जो कुणाशीच बोलत नाही. मॉनिटरकडे बघत उगाच एक्सेल शीट वरखाली करत बसतो. वर्षभरापूर्वी याच माणसाला दुसऱ्या कंपनीतून वाजतगाजत आणलेलं असतं. आता त्याच्या फॉर्मवर बॉसने एक ओळ खरडलेली असते, 'अपेक्षेपेक्षा कमी'. एवढ्या एका ओळीने माणूस स्वतःबद्दल काय काय विचार करायला लागतो, हे ज्याच्यावर ती वेळ आलीय त्यालाच विचारा.

या आठवड्याचा कॉलम त्या कोपऱ्यातल्या दोस्तासाठी. गोष्ट आहे एका स्ट्रायकरची. जगातल्या सगळ्यात मोठ्या क्लबांपैकी एकाने त्याला विकत घेतलं आणि पहिला गोल व्हायला त्याला चक्क २७ मॅच लागल्या. नाव दिएगो फोर्लान, देश उरुग्वे.

आता तुम्ही म्हणाल, फोर्लान तर माहितीये! सोनेरी केसांचा, वर्ल्ड कपवाला, आपल्या मुंबईतही खेळून गेलेला. बरोबर. पण वर्ल्ड कपच्या आधी आठ वर्षं हाच माणूस इंग्लंडमध्ये चेष्टेचा विषय होता. 'फ्लॉप' हा शिक्का त्याच्या कपाळावर इतका ठसठशीत मारला होता, की तो कधी पुसला जाईल असं त्याच्या चाहत्यांनाही वाटत नसावं.

घरातच फुटबॉल, पण...

फोर्लानचा जन्म १९ मे १९७९ चा, माँटेव्हिडिओचा. घराणं म्हणाल तर आपल्याकडच्या गायकीच्या घराण्यांसारखं. आईचे वडील हुआन कार्लोस कोराझो हे उरुग्वेच्या नॅशनल टीमचे कोच. त्यांच्या हाताखाली उरुग्वेने १९५९ आणि १९६७ मध्ये दक्षिण अमेरिकेचं विजेतेपद मिळवलं. वडील पाब्लो फोर्लान डिफेंडर, १९६६ आणि १९७४ अशा दोन वर्ल्ड कपला गेलेले. १९६७ च्या टीममध्ये सासरे कोच आणि जावई प्लेअर! घरात जेवताना काय गप्पा होत असतील, विचार करा.

एवढं असूनही हा पोरगा लहानपणी रमला टेनिसमध्ये. चांगला खेळायचा. पुढे त्यातच करिअर होईल असं वाटण्याइतका चांगला.

मग १९९१ साल आलं. दिएगो १२ वर्षांचा होता. मोठ्या बहिणीच्या, आलेहान्द्राच्या, गाडीला अपघात झाला. तिचा बॉयफ्रेंड त्यात गेला. ती वाचली, पण कायमची व्हीलचेअरवर आली. उपचारांचा खर्च घराला झेपण्यापलीकडचा होता. त्या वेळी पैसे उभे करायला मदतीला आलेल्यांमध्ये खुद्द दिएगो मॅराडोना होता. फोर्लानने पुढे अनेकदा सांगितलंय, की बहिणीला उत्तमातले उत्तम डॉक्टर मिळावेत म्हणून आपण मोठा फुटबॉलर व्हायचं, असं त्याने तेव्हाच ठरवलं होतं. आलेहान्द्राने नंतर रस्ते सुरक्षेसाठी काम करणारी संस्था काढली आणि त्या कामासाठी ती देशभर ओळखली गेली.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की हा पोरगा लाडावलेला 'स्टार सन' नव्हता. पाठीवर ओझं घेऊन मैदानात उतरलेला होता.

मिडल्सब्रोला निघाला, मँचेस्टरला पोचला

विशीच्या आत तो अर्जेंटिनातल्या इंडिपेन्डिएन्टे क्लबमध्ये दाखल झाला. ब्युनॉस आयर्सला खेटून असलेल्या आवेजानेडा शहरातला हा क्लब. तिथे तो धडाधड गोल करायला लागला आणि युरोपचे फोन यायला लागले. जानेवारी २००२ मध्ये इंग्लंडच्या मिडल्सब्रोबरोबर सगळं जवळपास ठरलं होतं. ऐनवेळी मधे उडी घेतली ती मँचेस्टर युनायटेडने. सुमारे ७० लाख पौंड मोजून सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसननी त्याला उचललं.

म्हणजे कसं, तर मिड-साइझ कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे आणि सही करायच्या आदल्या रात्री मार्केट लीडरचा फोन येतो. कोण नाही म्हणेल? तुम्ही म्हणाल? मी तर नाही म्हणणार!

पण मार्केट लीडरकडे तुमच्या पोस्टवर आधीच एक जण बसलेला असतो. इथे तो होता रूड व्हॅन निस्टलरॉय. डच माणूस, पेनल्टी बॉक्समधला खाटीकच. २००२-०३ च्या सीझनमध्ये सगळ्या स्पर्धा धरून त्याने ४४ गोल मारले. फर्ग्युसन बऱ्याचदा पुढे एकच स्ट्रायकर ठेवायचे आणि तो कोण हे सांगायची गरज नव्हती. फोर्लानच्या वाट्याला यायची शेवटची वीस मिनिटं, कधी दहा, कधी विंगवर. युनायटेडकडून तो प्रीमियर लीगच्या ६३ मॅच खेळला, त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा बदली म्हणून.

मैदानात उतरायचं, अंग गरम होईपर्यंत शिट्टी. पुन्हा पुढच्या शनिवारी तेच. गोलांचा आकडा शून्य. आठवड्यामागून आठवडे. इंग्लिश पेपरांना तर मेजवानीच.

आता यातली खरी गंमत ऐका. युनायटेडसाठी शून्य गोल असताना, मधल्या काळात, म्हणजे जून २००२ मध्ये, वर्ल्ड कप झाला. सेनेगलविरुद्ध उरुग्वे ०-३ ने मागे होतं. फोर्लान बदली म्हणून आला, बॉल छातीवर घेतला आणि लांबून असली व्हॉली हाणली, की गोलकीपर बघत राहिला. मॅच ३-३ सुटली. वर्ल्ड कपमध्ये गोल करणारा माणूस क्लबमध्ये शून्यावर! टॅलेंटचा प्रॉब्लेम असता तर हे झालं असतं का?

शेवटी युनायटेडसाठीचा तो पहिला गोल आला १८ सप्टेंबर २००२ ला, मकाबी हैफाविरुद्ध. तोही पेनल्टीवर आणि तोही मॅच आधीच खिशात असताना. अख्खं ओल्ड ट्रॅफर्ड असं ओरडलं, जणू कप जिंकलाय.

शर्ट आणि बूट

एक मात्र आहे. युनायटेडच्या पब्लिकने त्याला कधी टाकलं नाही. का? तर तो पळायचा. गोल नाही तर नाही, पण धावणं थांबवायचा नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये साउदम्प्टनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्याने मॅच जिंकून देणारा गोल मारला आणि आनंदाच्या भरात शर्ट काढला. तो परत घालता येईना! खेळ सुरू झाला आणि हा पठ्ठ्या हातात शर्ट घेऊन उघड्या अंगानेच बॉलमागे पळतोय. युनायटेडवाले आजही तो किस्सा सांगून हसतात.

त्यानंतर महिन्याभरात, १ डिसेंबर २००२ ला, अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध. गोलकीपर येर्झी डुडेकच्या पायांतून साधासा बॉल निसटला. फोर्लान तिथे हजर होता. टकलला. तीन मिनिटांनी दुसरा. युनायटेड २-१ ने जिंकलं. त्या दोन गोलांवर फॅन्सनी जे गाणं रचलं, ते तो क्लब सोडून गेल्यावरही स्टँडमधून ऐकू यायचं. लिव्हरपूलला हरवलंस ना, मग तुला सात खून माफ! भारत-पाकिस्तान मॅच बघणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

पण पब्लिकचं प्रेम वेगळं आणि मॅनेजरची लिस्ट वेगळी. बुटांचा किस्सा फोर्लाननेच नंतर मुलाखतीत सांगितला. ओल्ड ट्रॅफर्डच्या ओल्या गवतावर लांब स्टडचे बूट घाल, असं फर्ग्युसनचं म्हणणं. याला सवय छोट्या स्टडची. हो हो म्हणाला आणि चेल्सीविरुद्ध आपले जुनेच बूट घालून उतरला. नेमका गोलसमोर चान्स आला आणि नेमका पाय घसरला! मॅच संपल्यावर बूट बदलायला ड्रेसिंग रूमकडे धावला, पण साहेबांनी गाठलंच. बूट हिसकावून भिरकावून दिले.

आता यात चूक कुणाची? प्रामाणिकपणे सांगायचं तर दोघांची थोडी थोडी. बॉसने सांगितलेलं ऐकल्यासारखं करून आपलंच चालवणं ही काही हुशारी नव्हे. आणि माणूस कोणत्या बुटात धावतो हे न बघता सगळ्यांना एकच नियम लावणं, यालाही काही फार मोठं मॅनेजमेंट म्हणत नाहीत. ते असो. ऑगस्ट २००४ मध्ये फोर्लानच्या लक्षात आलं, की आता आपलं इथलं दाणापाणी संपलं. अडीच वर्षांचा हिशेब : सगळ्या स्पर्धा मिळून १७ गोल, लीगमध्ये फक्त १०.

फरशांच्या गावात

तो गेला कुठे? तर स्पेनमधल्या व्हियारेआलला. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचा एखादा बरा तालुका. गावाचा मुख्य धंदा सिरॅमिक टाइल्सचा. क्लब १९९८ मध्ये पहिल्यांदा स्पेनच्या वरच्या डिव्हिजनमध्ये आलेला. पिवळ्या जर्सीमुळे टोपणनाव 'यलो सबमरीन'.

मँचेस्टरहून व्हियारेआल. सीव्हीवर बघितलं तर सरळ सरळ डिमोशन. नातेवाईकांना सांगताना जरा आवाज खाली करावा असं.

पण तिथे काय होतं ते बघा. चिलीचे मॅन्युएल पेलेग्रिनी त्याच वर्षी कोच म्हणून आलेले. मिडफिल्डला अर्जेंटिनाचा हुआन रोमान रिकेल्मे. हा माणूस कधी घाईत दिसायचा नाही, पण याचा पास स्ट्रायकरच्या पायात बरोबर तेव्हाच यायचा, जेव्हा स्ट्रायकरला तो हवा असायचा. आजूबाजूला अर्धी टीम दक्षिण अमेरिकन. भाषा आपली, विनोद आपले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीमशीटवर फोर्लानचं नाव दर आठवड्याला पेनने लिहिलेलं, पेन्सिलीने नाही.

निकाल? पहिल्याच सीझनमध्ये, २००४-०५ मध्ये, लीगचे २५ गोल. स्पेनमधला टॉप स्कोअरर, म्हणजे 'पिचिची'. वर युरोपियन गोल्डन शू, आर्सेनलच्या थिएरी आन्रीबरोबर विभागून. मँचेस्टरमध्ये अडीच वर्षांत लीगचे १० आणि इथे एका वर्षात २५. पाय तेच, डोकं तेच, बूट छोट्या स्टडचेच असावेत बहुतेक! फरक एवढाच, की टीम त्याच्याभोवती उभी होती.

व्हियारेआल लीगमध्ये तिसरं आलं आणि चॅम्पियन्स लीगला गेलं. मग नशिबाने असा काही जोक केला, की स्क्रिप्ट रायटरलाही सुचू नये. २००५-०६ च्या ग्रुपमध्ये त्यांच्यासोबत कोण? मँचेस्टर युनायटेड! दोन्ही मॅच ०-० सुटल्या. शेवटी टेबल बघितलं तर टाइल्सचं गाव पहिल्या नंबरवर आणि युनायटेड चार टीममध्ये चौथं, स्पर्धेबाहेर. व्हियारेआल पुढे सेमी-फायनलपर्यंत पोचलं. आर्सेनलविरुद्ध दुसऱ्या लेगच्या शेवटी रिकेल्मेची पेनल्टी जेन्स लेमनने अडवली नसती, तर कोण जाणे काय झालं असतं.

टोरेसची खुर्ची

२००७ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदने त्याला घेतलं. किंमत दोन कोटी युरोंच्या वर. काम? फर्नांडो टोरेसची जागा भरायची. टोरेस म्हणजे त्या क्लबचा लाडका लेक, लिव्हरपूलला गेलेला. अशा माणसाच्या खुर्चीवर बसणं किती अवघड असतं, हे ज्यांनी 'आधीचा मॅनेजर किती चांगला होता' हे रोज ऐकलंय त्यांना कळेल.

फोर्लानने काय केलं? सोबतीला अर्जेंटिनाचा तरणाबांड सर्जिओ अग्वेरो होता. २००८-०९ मध्ये फोर्लानचे लीगचे ३२ गोल. दुसऱ्यांदा पिचिची, दुसऱ्यांदा गोल्डन शू आणि या वेळी वाटेकरी कुणी नाही. उजव्या पायाने, डाव्या पायाने, तीस यार्डांवरून, फ्री किकवरून. दोन्ही पायांनी इतकं सारखं मारायचा, की डिफेंडरने त्याला कोणत्या बाजूला ढकलायचं तेच कळेना.

पुढच्या वर्षी युरोपा लीग. सेमी-फायनल कुणाविरुद्ध? लिव्हरपूल! पहिल्या लेगमध्ये त्याचाच एकमेव गोल. अ‍ॅनफिल्डवर एक्स्ट्रा टाइममध्ये पुन्हा त्याचाच गोल आणि अ‍ॅटलेटिको फायनलमध्ये. लिव्हरपूलच्या लोकांनी या माणसाचं काय वाकडं केलं होतं देव जाणे. १२ मे २०१० ला हॅम्बुर्गला फुलहॅमविरुद्ध फायनल. २-१, दोन्ही गोल फोर्लानचे, विजयी गोल ११६ व्या मिनिटाला. अ‍ॅटलेटिकोने १९६२ नंतर पहिल्यांदा युरोपियन कप उचलला.

जाबुलानीचा दोस्त

आणि मग महिन्याभरात दक्षिण आफ्रिका. २०१० चा वर्ल्ड कप आठवतो ना? वुवुझेला, शकिरा आणि तो बदनाम बॉल, जाबुलानी. हवेत कुठे वळेल याचा नेम नाही, म्हणून जगभरचे गोलकीपर आणि स्ट्रायकर बोंबलत होते. एकट्या फोर्लानचं त्या बॉलशी गूळपीठ जमलेलं! घानाविरुद्ध फ्री किकवर, हॉलंडविरुद्ध लांबून डाव्या पायाने, जर्मनीविरुद्ध हवेतल्या हवेत व्हॉली.

उरुग्वे केवढा देश? लोकसंख्या ३५ लाखांच्या आत-बाहेर, म्हणजे आपलं पुणे शहर धरा. तो देश १९७० नंतर पहिल्यांदा सेमी-फायनलला पोचला. कोच ऑस्कर ताबारेसनी इथे एक गोष्ट केली. पुढे सुआरेझ आणि कवानी ही दोन तरुण पोरं ठेवली आणि ३१ वर्षांच्या फोर्लानला थोडं मागे घेतलं, जिथून त्याला सगळं मैदान दिसेल. स्ट्रायकरला मागे खेळवणं म्हणजे एरवी शिक्षा. फोर्लानने त्याचं सोनं केलं. पाच गोल, स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल करणाऱ्या चौघांपैकी एक. टीम चौथी आली, पण स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल चौथ्या आलेल्या टीमच्या या माणसाला मिळाला. तिसऱ्या क्रमांकाच्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणी त्याची फ्री किक क्रॉसबारवर आदळली, नाहीतर आकडा सहा झाला असता.

पुढच्या वर्षी, जुलै २०११ मध्ये, कोपा अमेरिका. वर्ल्ड कपनंतर वर्षभर उरुग्वेसाठी त्याचा एकही गोल नव्हता. पुन्हा तीच कुजबुज सुरू झालेली. फायनलला पॅराग्वेविरुद्ध त्याने दोन मारले, उरुग्वे ३-० ने जिंकलं. आजोबा, बाप, नातू. तीन पिढ्या, एकच कप.

पुन्हा चुकीचं डेस्क

इथे गोष्ट संपवली तर मस्त हिंदी पिक्चर होईल. पण मला खरं तर पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

ज्या अ‍ॅटलेटिकोला कप मिळवून दिला, तिथेच २०१०-११ मध्ये कोच किके सांचेझ फ्लोरेसशी त्याचं बिनसलं. लीगचे गोल ३२ वरून दोन वर्षांत ८ वर आले. क्लब तोच, स्टेडियम तेच, फक्त नातं आंबलं. म्हणजे 'आपली जागा' सापडली की जन्मभराची सोय झाली, असंही काही नसतं.

ऑगस्ट २०११ मध्ये तो इटलीच्या इंटर मिलानला गेला, सॅम्युएल एटोच्या जागी. आणि घोटाळा बघा. त्या सीझनमध्ये तो अ‍ॅटलेटिकोकडून युरोपा लीगच्या क्वालिफायरमध्ये आधीच खेळलेला होता. त्यामुळे नियमाप्रमाणे इंटरकडून चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप मॅच त्याला खेळताच येईनात. एवढा मोठा क्लब, एवढा मोठा स्टार आणि हे कागदपत्रांत कुणी बघितलंच नाही! पुढे दुखापती आणि डावीकडच्या विंगवरची ड्युटी. इटालियन लीगमध्ये पूर्ण सीझनचे गोल दोन.

वर्षभरापूर्वीचा गोल्डन बॉलवाला माणूस पुन्हा 'फ्लॉप'. मँचेस्टरमध्ये तो २३ वर्षांचा होता, म्हणून 'कच्चा आहे' म्हणाले. मिलानमध्ये ३२ वर्षांचा, म्हणून 'संपला' म्हणाले. दोन्ही वेळा आकडे खरे होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र दोन्ही वेळा अर्धवट होता. कारण स्ट्रायकरचा गोल हा कधीच एकट्या स्ट्रायकरचा नसतो. मागून पास कोण देतं, कोच कुठे उभं करतो, किती मिनिटं देतो, चुकलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळवतो का, हे सगळं त्या एका आकड्यात लपलेलं असतं. स्कोअरबोर्डवर फक्त नाव येतं.

त्यानंतर ब्राझीलमधला इंटरनासिओनाल, मग जपानमधला सेरेझो ओसाका. तिथे तर २०१४ मध्ये टीमच खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली. मग घरी, वडिलांच्या पेन्यारोलमध्ये. तिथे २०१५-१६ चं लीग विजेतेपद.

अंधेरी, २०१६

आणि मग मुंबई. २०१६ च्या इंडियन सुपर लीगसाठी मुंबई सिटी एफसीने त्याला मार्की प्लेअर म्हणून आणलं तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. 'रिटायरमेंटचे पैसे घ्यायला आलाय' हे आपलं नेहमीचं रेकॉर्ड तेव्हाही वाजलंच. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि हे म्हणणाऱ्यांत मीही होते, कबूल करते.

१९ नोव्हेंबरला अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सवर केरला ब्लास्टर्सविरुद्ध त्याने हॅट-ट्रिक मारली. १४ व्या मिनिटाला दोन झालेसुद्धा होते. मुंबई ५-० ने जिंकली. आझाद नगर मेट्रोच्या जिन्यांवर त्या रात्री जो गोंगाट होता, तसा एरवी फक्त क्रिकेटसाठी व्हायचा. त्या सीझनला मुंबई सिटी लीग टेबलमध्ये पहिल्यांदाच अव्वल आली. फोर्लानचे पाच गोल.

शेवट मात्र गोड नाही. कोलकात्यात सेमी-फायनलच्या पहिल्या लेगमध्ये त्याला दोन यलो कार्ड मिळून तो बाहेर गेला. मुंबई ती मॅच २-३ ने हरली. घरच्या लेगला फोर्लान नाही, स्कोअर ०-०, खेळ खल्लास. सगळ्यात अनुभवी माणसाने सगळ्यात महत्त्वाच्या मॅचमध्ये डोकं गरम केलं, हेही या गोष्टीत लिहायलाच हवं. प्रत्येक वेळी दोष डेस्कचाच असतो असं नाही, कधी कधी तो आपलाही असतो.

पुढे २०१८ मध्ये हाँगकाँगचा किची क्लब आणि ऑगस्ट २०१९ मध्ये निवृत्ती. पेन्यारोलचा कोच म्हणून बसला, तेही वर्षभर टिकलं नाही. उरुग्वेसाठी एकूण ११२ मॅच, ३६ गोल.

तर, कोपऱ्यातल्या दोस्ता...

मी तुला 'उद्याच राजीनामा दे' असं सांगणार नाही. फोर्लानच्या मागे घराण्याचं नाव होतं, एजंट होता. तुझ्या मागे होम लोनचा ईएमआय आहे, मला माहितीये. शिवाय नवीन ऑफिसात रिकेल्मे भेटेलच याची गॅरंटी कुणी देत नाही. तिथे इंटर मिलानही निघू शकतं.

पण एक करता येतं. त्या फॉर्मवरच्या ओळीला 'मी कसा आहे' याचं उत्तर समजू नकोस. ती ओळ 'मी इथे, या लोकांत, या वीस मिनिटांत काय करू शकलो' एवढंच सांगते. मँचेस्टरच्या बेंचवर बसलेल्या फोर्लानने एक काम सोडलं नाही. उतरला की पळायचा. दोन्ही पाय चालू ठेवले. म्हणून व्हियारेआलचं दार उघडलं तेव्हा तो गंजलेला नव्हता.

आणि हो, ते टेनिस! नोव्हेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, फोर्लान माँटेव्हिडिओच्या उरुग्वे ओपनमध्ये चक्क प्रोफेशनल डबल्स खेळायला उतरला. जोडीला अर्जेंटिनाचा फेडेरिको कोरिया. पहिल्याच राउंडला १-६, २-६ ने हरले. लहानपणीची रॅकेट घेऊन माणूस या वयात कोर्टवर उतरला, स्वतःच्या गावात, सगळ्यांसमोर हरायची तयारी ठेवून.

त्याच्या फॉर्मवर काय लिहिणार? 'अपेक्षेपेक्षा कमी'?

लिहा बापडे! चल, चहा थंड होतोय. पुढच्या आठवड्यात भेटूच.